केस विकत घेण्याआधी तिची टीचिंग नोट वाचा

बिझनेस किंवा उद्योजकता शिकवणाऱ्याला तयार केस स्टडी, म्हणजे एखाद्या धंद्यासमोरच्या पेचाची वर्गातल्या चर्चेसाठी लिहिलेली हकीकत, मिळवणं आता अवघड राहिलेलं नाही. हार्वर्ड बिझनेस पब्लिशिंग, कॅनडातल्या आयव्ही बिझनेस स्कूलचं प्रकाशन आणि द केस सेंटर या तीन ठिकाणी मिळून हजारो केसेस आहेत. एमआयटीच्या स्लोन बिझनेस स्कूलच्या साइटवर (पूर्वीचं लर्निंगएज) काही फुकटही मिळतात. अडचण आहे ती निवडीची. कॅटलॉगमध्ये प्रत्येक केस सारखीच मोहात पाडते: ओळखीची कंपनी, पेचात सापडलेली मालकीण, शेवटी लटकता प्रश्न. वर्गात नेल्यावर मात्र एक केस शेवटच्या मिनिटापर्यंत पेटलेली राहते आणि दुसरी पंधराव्या मिनिटाला विझते. कुठली विझणार हे पैसे देण्याआधीच बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी केसच्या आधी तिच्यासोबतची टीचिंग नोट, म्हणजे ती केस वर्गात कशी शिकवायची याचं शिक्षकासाठीचं टिपण, उघडावी लागते.

केसवर चर्चा करून शिकवण्याच्या या पद्धतीचा उगम कायद्याच्या वर्गात आहे. ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० मध्ये हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये न्यायालयाचे निवाडे वाचायला लावून कायदा शिकवायला सुरुवात केली. तिथलंच बिझनेस स्कूल १९०८ चं. १९१९ मध्ये त्याचे डीन झालेले वॉलेस डॉनहॅम स्वतः कायदा शिकलेले होते, आणि १९२१ मध्ये ‘जनरल शू कंपनी’ ही तिथली पहिली लिखित केस आली. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच, की निवाड्याला निकाल असतो आणि धंद्याच्या केसला तो नसतो. तरीही शंभर वर्षांनंतर अनेक वर्गांत केस निकालपत्रासारखीच शिकवली जाते: कंपनीने काय केलं, ते बरोबर होतं की चूक, लिहून घ्या. हार्वर्डच्या केसच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात स्पष्ट म्हटलेलं असतं, की ही केस केवळ वर्गातल्या चर्चेसाठी आहे, चांगल्या किंवा वाईट व्यवस्थापनाचा नमुना म्हणून नाही. ती ओळ फार कमी जण वाचतात.

पाकिटात काय मिळतं

पूर्ण संचात केसचा मजकूर (बहुधा ८ ते २० पानं), मागे एक्झिबिट म्हणजे तक्ते आणि आलेख, शिक्षकासाठी टीचिंग नोट, आणि नशीब असेल तर एक्झिबिटचे आकडे भरलेली स्प्रेडशीट येते. काही केसेस ए, बी, सी अशा तुकड्यांत असतात. ‘ए’ निर्णयाच्या उंबरठ्यावर थांबते, ‘बी’ पुढे काय झालं ते सांगते. ‘बी’ एक-दोन पानांची असते आणि वर्गातच वाटायची असते. ती आधी पाठवली तर ‘ए’वरची चर्चा मेलीच म्हणून समजा. हार्वर्डच्या ‘ब्रीफ केस’ मालिकेतल्या केसेस ५ ते ८ पानांच्या असतात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ही लांबी फार सोयीची, कारण त्यांच्याकडे तयारीला सलग दोन तास क्वचितच असतात.

विकत घेण्याआधी माल पाहता येतो, ही या सगळ्या सेवांची सर्वांत उपयोगी गोष्ट. हार्वर्डच्या साइटवर आणि द केस सेंटरवर शिक्षक म्हणून नोंदणी करावी लागते, संस्थेच्या पत्त्यावरून पडताळणी होते, आणि मग तपासणी प्रती मोफत उघडतात. टीचिंग नोटही पडताळणी झालेल्या शिक्षकालाच मिळते. पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नये. संस्थेबाहेर स्वतंत्रपणे प्रशिक्षण देणाऱ्यांना मात्र हा उंबरा त्रासदायक ठरतो. त्यांनी फुकट संग्रहांपासून सुरुवात करावी.

शोधयादीतल्या माहितीत तीन गोष्टी बघण्यासारख्या. पहिली, घटनेचं वर्ष. प्रकाशन किंवा सुधारणेची तारीख ताजी दिसते, पण आतली घटना पंधरा वर्षांपूर्वीची असते. भांडवल, मोबदला, वाटाघाटी या विषयांत जुनेपणाने काही बिघडत नाही. डिजिटल जाहिरातीच्या केसमध्ये मात्र दरांपासून साधनांपर्यंत सगळंच शिळं होतं. दुसरी गोष्ट, माहितीचा स्रोत. द केस सेंटर हे प्रत्येक नोंदीत देतं: प्रत्यक्ष कंपनीत जाऊन, प्रकाशित साहित्यावरून, की सर्वसाधारण अनुभवावरून. प्रत्यक्ष मुलाखतींवरच्या केसमध्ये आतले मतभेद आणि अडचणीचे आकडे येतात. नुसत्या बातम्या आणि वार्षिक अहवाल जुळवून केलेली केस बहुतेक वेळा कंपनीचा गौरवग्रंथ होऊन बसते. तिसरी, टीचिंग नोटची पानं. बारा पानांच्या केसला दोन पानांची नोट असेल तर लेखकाने ती वर्गात फारशी शिकवलेली नाही, असं खुशाल धरा.

नोटमध्ये काय शोधायचं

चांगल्या नोटमध्ये प्रश्नांचा क्रम असतो, प्रत्येक प्रश्नाला लागणारी मिनिटं असतात, फळ्याची आखणी असते, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थी कुठे घसरतात ते लिहिलेलं असतं. ‘या टप्प्यावर बरेच जण वाहतुकीचा खर्च दोनदा धरतात’ असं एक वाक्य दिसलं की समजावं, ही नोट वर्गातून तावून सुलाखून आलीय. आकडेमोड पूर्ण सोडवलेली हवी, नुसतं उत्तर नको. दोन विरुद्ध निर्णयांच्या बाजूने सारखेच जोरदार युक्तिवाद दिलेले हवेत. एकाच बाजूला वजन असेल तर तो पेच नव्हे, कोडं आहे, आणि कोडं एकाने सोडवलं की बाकीचे मोबाइल काढतात.

उलट, ज्या नोटचा पहिला प्रश्न ‘कंपनीचं स्वॉट विश्लेषण करा’ हा असतो ती परत ठेवून द्यावी. बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके अशा त्या चौकटीत काहीही बसतं आणि कुणालाच निवड करावी लागत नाही. वीस मिनिटांनी फळा भरलेला असतो आणि निर्णय होता तिथेच.

अवघडपणा मोजायला आयव्हीचे जेम्स एर्सकिन आणि मिखिएल लींडर्स यांची घनाची कल्पना आजही कामाला येते. तीन बाजू: विश्लेषण, संकल्पना आणि मांडणी. प्रत्येकीच्या तीन पायऱ्या. विश्लेषणाच्या पहिल्या पायरीवर अडचण आणि तोडगा दोन्ही दिलेले असतात, फक्त पारख करायची. दुसरीवर अडचण दिलेली, तोडगा शोधायचा. तिसरीवर नुसती परिस्थिती, अडचणसुद्धा तुम्हीच ओळखायची. संकल्पनेची बाजू म्हणजे सिद्धांत किती आणि किती गुंतागुंतीचे लागतात. मांडणीची बाजू म्हणजे लांबी, माहितीचा क्रम, आणि मुद्दाम टाकलेला पालापाचोळा. नव्या वर्गाला २-१-१ पासून (विश्लेषण दुसऱ्या पायरीवर, बाकी दोन्ही पहिल्या) सुरुवात करावी आणि ३-३-३ च्या वाटेला फार उशिरा जावं. नेहमीची चूक अशी, की ‘विद्यार्थी हुशार आहेत’ म्हणून तीस पानांची केस दिली जाते. त्याने फक्त मांडणीची बाजू चढते. विचार तेवढाच उथळ राहतो आणि वाचूनच दमछाक होते.

गाजलेल्या नावांचा सापळा

फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकची केस बहुतेकांनी शिकवलेली असते आणि बहुतेक वेळा ती वाईट शिकवली जाते. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला हे वर्गाला आधीच माहीत असतं, त्यामुळे चर्चा ‘ते झोपले होते’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. खरं तर डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी बनवला. १९८१ च्या कंपनीच्या स्वतःच्या अभ्यासाने फिल्मला साधारण दहा वर्षांची सवड आहे असं सांगितलं. २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत कंपनी आघाडीवर होती. आता केस १९८१ मध्ये थांबवून पाहा: फिल्मवरचा नफा भरघोस आहे, नवा माल महाग आणि कच्चा आहे, हातात दहा वर्षं आहेत, पुढच्या तीन वर्षांच्या भांडवली खर्चाची विभागणी करा. तोच वर्ग अचानक हिशेब मागायला लागतो. निर्णयाची तारीख आणि निकालाची तारीख एकाच पानावर असेल तर त्या केसकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

नावं आणि उद्योग बदलून लिहिलेल्या केसेस म्हणून जास्त टिकतात. एक जुनी, पुष्कळ वापरली जाणारी केस आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण ती अजून वर्गांत जिवंत आहे. तिच्यात तापमान आणि बिघाड यांचा संबंध शोधायचा असतो. बिघाड झालेल्या ७ फेऱ्यांचा आलेख समोर ठेवलेला असतो आणि त्यात काहीच नमुना दिसत नाही. बिघाड न झालेल्या १७ फेऱ्यांची तापमानं दिलेली नाहीत. ती शिक्षकाच्या खिशात असतात आणि मागितली तरच द्यायची असतात. फार थोडे गट मागतात. मागणाऱ्यांना चोविसाच्या चोवीस ठिपके एका कागदावर दिसतात आणि उत्तर डोळ्यांसमोर उभं राहतं. ‘अजून कोणती माहिती हवी?’ हे वाक्य शिकवायला याच्यापेक्षा स्वस्त साधन नाही. केस निवडताना असं एखादं लपवलेलं पान तिच्यात आहे का, हे जरूर बघा.

उद्योजकतेसाठी माल कुठे कमी पडतो

मोठ्या कंपन्यांच्या केसेस व्यवस्थापन शिकवायला उत्तम. नुकता सुरू झालेला धंदा शिकवताना त्यांची अडचण होते. केसमध्ये सगळी माहिती गोळा करून, इस्त्री करून ठेवलेली असते. प्रत्यक्षात नव्या धंद्यात निम्मा वेळ माहिती नसण्यातच जातो. शिवाय निवडल्या जातात त्या तगलेल्या कंपन्या, म्हणजे धाडस केलं की फळ मिळतंच असा नकळत समज होतो. आणि एक्झिबिटमध्ये नफा-तोटा पत्रक असतं, पण महिन्यागणिक रोकड क्वचितच असते. धंदा तर रोकड संपली की बंद पडतो.

म्हणून या विषयाला तयार केसेसच्या जोडीला स्वतः लिहिलेली दोन पानी केस लागतेच. नमुन्याला ही घ्या. आकडे कुठल्याही चलनात धरा.

दोन भागीदारांची मासिक वर्गणीवर चालणारी सेवा. ४० ग्राहक, प्रत्येकी महिना ५,०००. प्रत्येक ग्राहकामागे थेट खर्च १,५००. स्थिर खर्च महिना ३ लाख. बँकेत १८ लाख. एक मोठा ग्राहक ६० जोडण्या मागतो, दर ३,०००, जोडणीमागे थेट खर्च नेहमीचाच, पैसे मात्र चौथ्या महिन्यापासून. त्यासाठी एक जादा माणूस, महिना ५०,०००. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे.

वर्ग आधी कागदी हिशेब करतो. सध्या ग्राहकामागे ३,५०० उरतात, ४० ग्राहकांचे १ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला १ लाख ६० हजार तूट. १८ लाख सव्वाअकरा महिने पुरतील. नव्या कामात जोडणीमागे १,५०० उरतात, ६० जोडण्यांचे ९०,०००, त्यातून माणसाचे ५०,००० वजा, निव्वळ ४०,००० फायदा. तूट १ लाख २० हजारांवर येते. ‘घ्यायचंच!’ असा आवाज होतो. इथे पाच मिनिटं काही बोलू नये.

मग कुणीतरी तारखेकडे बोट दाखवतं. पहिले तीन महिने नव्या कामातून काहीच येत नाही, पण ९०,००० थेट खर्च आणि ५०,००० पगार जातोच. म्हणजे तूट महिन्याला ३ लाख. तीन महिन्यांत ९ लाख गेले. उरलेले ९ लाख १ लाख २० हजारांच्या तुटीने साडेसात महिने चालतील. एकूण साडेदहा. नफ्याचं काम घेऊन धंद्याचं आयुष्य पाऊण महिन्याने कमी झालं. मोठ्या ग्राहकाने आणखी दोन महिने उशीर केला तर पाच महिन्यांत १५ लाख जातात, उरलेले ३ लाख अडीच महिने पुरतात, एकूण साडेसात. पुढचा प्रश्न वर्ग आपणहून विचारतो: आगाऊ रक्कम किती मागायची? आणि त्यानंतरचा, जो कागदावर कुठेच नाही: ४० जुन्या ग्राहकांना ३,००० चा दर कळला तर?

अशी केस लिहिताना जपायच्या गोष्टी थोड्याच. ठरलेला दिवस असावा, निर्णय घेणारी एकच व्यक्ती असावी, कुठलाही आकडा दोन ठिकाणी वेगळा नसावा. हा शेवटचा दोष सर्वांत जास्त आढळतो. मजकुरात ४० ग्राहक आणि तक्त्यात ४२ असले की पंधरा मिनिटं त्यातच जातात. खऱ्या कंपनीवर लिहायचं असेल तर मुलाखतीआधीच सांगून ठेवावं आणि अंतिम मसुद्यावर वापराची लेखी परवानगी घ्यावी. परवानगी अडकली तर नाव, उद्योग आणि जागा बदलावी. पैशांचे सगळे आकडे एकाच गुणकाने गुणावेत, म्हणजे प्रमाणं तशीच राहतात.

नव्वद मिनिटांचं गणित

विद्यार्थ्याला बारा पानांच्या केससाठी दोन तास लागतात. आधी पंधरा मिनिटं पहिला आणि शेवटचा परिच्छेद, मथळे आणि एक्झिबिट एवढंच वाचायचं, निर्णय काय आहे ते एका ओळीत लिहायचं, आणि मगच सलग वाचायचं. चार-पाच जणांच्या गटाने वर्गाआधी अर्धा तास बसावं. हा टप्पा गाळला की न बोलणारे शेवटपर्यंत बोलत नाहीत. शिक्षकाला पहिल्या वेळी सहा-सात तास धरावेत, त्यातले किमान दोन आकडे स्वतः हाताने सोडवण्यासाठी. नोटमधली स्प्रेडशीट नुसती उघडून बघणाऱ्याला वर्गातल्या पहिल्या उलट प्रश्नाला घाम फुटतो.

वर्गात पहिल्या पाच मिनिटांत मत घ्या: हो की नाही, हात वर, आकडा फळ्याच्या कोपऱ्यात. मग पंधरा मिनिटं परिस्थिती, तीस मिनिटं हिशेब, वीस मिनिटं पर्याय आणि त्यांचे धोके. नंतर पुन्हा मत. ज्यांनी बाजू बदलली त्यांनाच ‘कशामुळे?’ विचारा, सत्रातली सर्वांत मोलाची दहा मिनिटं तीच. उरलेल्या वेळात ‘बी’ केस. बहुतेक वर्ग बिघडतात ते परिस्थितीत. माहिती सगळ्यांनी वाचलेलीच असते, तीच पुन्हा सांगण्यात चाळीस मिनिटं जातात आणि हिशेब शेवटी घाईत गुंडाळला जातो.

फळ्याचे चार भाग आधीच ठरवून ठेवावेत आणि आकड्यांचा भाग कधीच पुसू नये. साठांहून मोठ्या वर्गात ही पद्धत ताणली जाते. बोलणारे तेच बारा जण राहतात. अशा वर्गात दोन गटांना विरुद्ध बाजू नेमून द्याव्यात. सहभागाचे गुण वर्ग सुटल्यावर दहा मिनिटांत ० ते ३ मध्ये नोंदवावेत. रात्रीवर टाकलं की मोठ्याने बोलणाऱ्यांनाच गुण जातात.

आता उत्तरांची गोष्ट. गाजलेल्या केसेसची सोडवलेली उत्तरं इंटरनेटवर पडलेली आहेत आणि चॅटबॉट दोन मिनिटांत गुळगुळीत विश्लेषण लिहून देतो. यावर बंदी हा उपाय चालत नाही. घरी लिहून आणायच्या उत्तराला गुण कमी ठेवावेत, आणि वर्गात एक आकडा बदलून द्यावा. वरच्या केसमध्ये दर ३,००० ऐवजी ३,४०० केला आणि पैसे दुसऱ्या महिन्यापासून धरले की छापील उत्तर निरुपयोगी होतं.

परवान्याबाबत केस विकणारी दुकानं कडक आहेत आणि ते रास्तच आहे. तपासणी प्रत ही शिक्षकाने वाचण्यासाठी असते, झेरॉक्स काढून वाटण्यासाठी नाही. खरेदी विद्यार्थीसंख्येवर होते. विद्यार्थ्यांची भाषा इंग्रजी नसेल तर भाषांतरासाठीही हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते, नुसती प्रत विकत घेऊन तो हक्क मिळत नाही. द केस सेंटरवर इतर भाषांतल्या केसेस आहेत, पण निवड इंग्रजीएवढी मोठी नाही.

सोळा सत्रांच्या अभ्यासक्रमाला सहा-सात विकत घेतलेल्या केसेस पुरतात: दोन ब्रीफ केस सुरुवातीला, एक ए-बी जोडी मध्यावर, एक नाव-उद्योग बदललेली आणि बाकीच्या विषयानुसार. उद्योजकतेच्या भागाला तीन-चार दोन पानी केसेस स्वतः लिहाव्यात. दरवर्षी सत्र संपल्यावर टीचिंग नोटच्या समासात वर्ग कुठे अडला ते लिहून ठेवावं. दुसऱ्या वर्षी तीच केस शिकवताना छापील नोटपेक्षा तो समास जास्त उघडला जातो.